गाडीची कूस

शेवटची गोळी सुटली, तरी वाळूच्या बांधापुढे उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेचं इंजिन तसंच घुरघुरत राहिलं. उस्ताद सिनानने टाळ्या वाजवल्या.

"बघा! एवढा मारा झाला, पण पठ्ठ्या खोकलासुद्धा नाही!"

गाड्या विकायला तो बगदादहून आला होता. घोड्याला थोपटावं तसं त्याने बॉनेटपुढच्या पोलादी पत्र्याला थोपटलं.

मुतलक गाडीच्या बाजूला वाकून चाकावरचा पत्रा निरखत होता. रमादीच्या इस्पितळाचा हा ड्रायव्हर. सगळे त्याला अबू सत्ताम म्हणत. गाड्या चालवणाऱ्यांपैकी कुणीतरी चाचणीला हवा, म्हणून त्याला बोलावलं होतं. त्याने होकार दिला की अशाच गाड्या सगळ्या ड्रायव्हरांच्या हाती येणार होत्या. गेल्या महिन्यात त्याच्या गाडीच्या इंजिनात बाजूने गोळी शिरली आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. त्याचा सोबती शाकिर मागे रुग्णाला अंगाखाली घेऊन पडला होता. दोघेही गेले.

"आता बाजूने मारा," मुतलक म्हणाला.

"चाचणी समोरूनच ठरलीय, अबू सत्ताम," सिनान हसला.

"असं? मग गोळ्या घालणाऱ्यांनाही कळवून टाका. म्हणावं, बाबांनो, समोर येऊन उभे राहा, बाजूने मारलेलं धरणार नाही!"

शिपाई फिसकन हसले. सिनानचा चेहरा पडला.

"चला, आधी कॉफी घ्या," म्हणत गोळीबाराच्या मैदानाचे प्रमुख कर्नल दहाम सगळ्यांना सावलीत घेऊन गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने मुतलकला कप भरून दिला. मुतलकने तो ओठाला न लावताच जमिनीवर ठेवला.

शिपायांचे कप ओठांपाशीच थबकले. पाहुण्याने कॉफी अशी खाली ठेवली, की त्याचं काही मागणं असतं. ते पुरं होईपर्यंत तो ती पीत नाही, आणि नाही म्हणणाऱ्या यजमानाची अब्रू जाते.

"पी रे," कर्नल हळूच म्हणाले. "वरून हुकूम आलाय. आजच उरकायचंय."

"हुकूम देणाऱ्यांपैकी कोण गेलं शाकिरच्या आईच्या दारात?" मुतलकचा आवाज चिरकला. "मी गेलो! तिने विचारलं, गाडी का थांबली रे? काय सांगू तिला? उरकायचं होतं म्हणून?"

कर्नल कपाकडे बघत राहिले. मग उठले.

"गाडी आडवी लावा."

एकच गोळी पुरली. ती चाकाच्या वरून आत शिरली. इंजिन खडखडलं, धापा टाकत बंद पडलं. तेलाची काळी धार वाळूत उतरू लागली.

"बाजूलाही पत्रा बसवू," सिनान घाईघाईने म्हणाला. "तीन-चार महिन्यांत..."

"घेऊन जा हे डबडं!" कर्नल गरजले.

मुतलकने कॉफी एका घोटात संपवली. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. पुलापलीकडे एक बाई बाळंतपणात अडली होती. तीन-चार महिने थांबणार कोण? फाटकाजवळ त्याची जुनी गाडी उभी होती, तिला तर समोरूनही पत्रा नव्हता.

त्याने बॉनेट उघडलं. अंगातलं बुलेटप्रूफ जाकीट काढलं, चाक आणि इंजिन यांच्यामधल्या फटीत रागारागाने कोंबलं आणि तारेने आवळून बांधलं.

"अरे, आणि तुझ्या छातीचं काय?" कर्नल ओरडले.

मुतलकने धाडकन बॉनेट लावलं. घामाने पाठीला चिकटलेल्या नुसत्या सदऱ्यानिशी तो गाडीत चढला आणि पुलाच्या दिशेने निघाला.