प्रसादाची चव

कुसगावच्या आमराईत त्या गुरुवारी मुंगीला शिरायला वाट नव्हती. लोणावळ्याहून टांगे भरभरून माणसं आली होती. मधोमध तेजनाथ बाबा वाघाच्या कातड्यावर बसले होते आणि त्यांच्यासमोर सावित्राबाई. मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे सहा वर्षांपूर्वी गेले होते. बाबांनी तिच्या कपाळाला तांब्याची पट्टी बांधली, पट्टीखाली तीर्थात भिजवलेलं फडकं सरकवलं आणि उजव्या हातानं घंटा वाजवली.

"उजेड!" सावित्राबाई ओरडली. "आरं, इजेवानी चमाकलं! पुन्यांदा वाजवा, म्हाराज!"

घंटा पुन्हा वाजली, सावित्राबाई पुन्हा ओरडली. सगळ्या आमराईनं हात जोडले. मीही जोडले. बाबांचा डावा हात सगळा वेळ मांडीखाली होता. ते मला दिसलं होतं, पण मनात काही आलं नाही.

मी लोणावळा स्टेशनात तारेच्या खात्यात खलाशी होतो. १९६८ सालची ही गोष्ट. माझी बायको पुतळा माझ्या शेजारी उभी होती. तिला फेफरं येत असे. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या, दिवसाला तीन. त्या सुरू झाल्यापासून चौदा महिने एकदाही फेफरं आलं नव्हतं. पण ती सुस्त झाली होती. भाकरी थापताना डुलकी लागायची. मला वाटायचं, पूर्वीची पुतळा परत मिळावी. एवढ्यासाठी मी तिला तिथं नेलं.

बाबांचं बोलणं ऐकण्यासारखं असे. "तुमच्या मेंदूत बहात्तर हजार दिवे आहेत," ते सांगत. "दिवा फडफडला की डॉक्टर काय करतो? फुंकर मारतो! मी तेल घालतो. अमेरिकेचे शास्त्रज्ञ माझी पट्टी बघायला निघाले होते. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, आधी कुसगाव, मग अमेरिका!"

कुसगावाला हे फार आवडे.

पट्टी सुटली की बाबा चिमूटभर भस्म जिभेवर ठेवत. ते चघळायचं आणि वर घोटभर पाणी प्यायचं. पाणी आमच्याच विहिरीचं, आमच्याच तांब्यातलं. तरी ते गोड लागे. बाबा म्हणत, "पाणी गोड लागलं म्हणजे दिवा लागला."

आमची पाळी आली. बाबा म्हणाले, आधी नवऱ्यानं बसायचं. पट्टी बांधली, घंटा वाजली, मिटल्या डोळ्यांपुढं पांढरं लखकन झालं. आणि त्याच क्षणी तोंडात एक चव आली. आंबूस, लोखंडासारखी. ती चव मला रोजची होती. आमच्या खात्यात बॅटरीचा सेल जिवंत आहे की मेला, हे पाहायला त्याच्या दोन तारा जिभेला लावायची सवय होती. जीभ चुरचुरली की सेल चांगला. पंधरा वर्षं मी ते करत होतो. माझ्या जिभेनं मला सांगितलं, हा करंट आहे. मी जिभेचं ऐकलं नाही. म्हटलं, देवाचा करंटही तसाच लागत असेल.

मग पुतळा बसली. पट्टी झाली, भस्म झालं, ती पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवून माझ्याकडं वळली.

"अवं, ह्यो तर हिरडा हाय."

"गप," मी म्हणालो.

"खरंच. पेठंला आमी पोरी हिरडं येचायला जायाचो. तहान लागली की येक चघळायचा आन झऱ्याचं पाणी प्यायाचं. आस्संच गोड लागायचं. ह्यात नुस्ती राख मिसाळलीया."

तिचं माहेर तिकोणा पेठ. किल्ल्याखालचं रान तिला पाठ होतं.

आमच्याकडं एक रीत आहे. प्रसादाला नाव ठेवायचं नाही. शिरा करपला असला तरी कपाळाला लावून गप गिळायचा. लहानपणी शेजारणीनं दिलेला प्रसाद मी खारट म्हणालो म्हणून आईनं तोंडावर मारलं होतं. मी पुतळाचा दंड धरला आणि चारचौघांत म्हणालो, "प्रसादाला नाव ठेवतीस? जीभ झडंल!"

ती गप्प बसली. आजूबाजूला निम्म्या बाया रानातल्या होत्या. त्यांनाही ती चव ओळखू आली असणार. त्याही गप्प होत्या.

बाबांनी हुकूम केला, "गोळी म्हणजे दिव्यावर उपडं घातलेलं पातेलं. वाहत्या पाण्यात सोडा."

पुतळा म्हणाली, "डाक्टर म्हणलं हुतं, येकदम बंद करू नगा."

इंद्रायणीत गोळ्या मी सोडल्या. माझ्या हातानं.

चार दिवस ती तरतरीत होती. हसली, अंगण सारवलं. मी गावभर सांगत सुटलो. नवव्या दिवशी सकाळी चुलीपाशी फेफरं आलं. ते थांबलं आणि शुद्ध यायच्या आत दुसरं आलं, मग तिसरं. टांगा करून दवाखान्यात नेलं, तोपर्यंत ती गेली होती. डॉक्टरांनी गोळ्या कुठं आहेत म्हणून विचारलं.

बाबा तेराव्याला आले. म्हणाले, "तिनं प्रसादाला नाव ठेवलं होतं ना?"

आणि मी ते खरं मानलं. दोन महिने मानलं. दोष तिच्यावर टाकता आला की माझ्यावरचा कमी होई, म्हणून मानलं.

मग एका सोमवारी स्टेशनात खांबेटे बाई भेटल्या. मी फलाटाच्या टोकाला सेल तपासत होतो. जिभेला तारा लावल्या, तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला.

"तुम्हीही जिभेनंच तपासता?"

पन्नाशीच्या बाई, जाड चष्मा, शेजारी दोन पोती. म्हणाल्या, "मी पुण्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं हेच करते. जिभेला अगदी हलका करंट द्यायचा आणि मेंदूला काय चव कळते ते लिहून ठेवायचं."

"कशापायी, बाई?"

"मीठ बंद केलेले रोगी असतात. बिचाऱ्यांना जेवण जात नाही. मीठ न घालता मेंदूला खारट वाटेल असं काही करता येईल का, ते बघते."

"जमलं?"

"थोडंसं. पुष्कळ जमलं नाही."

पोत्यांत काय आहे ते मी विचारलं. ठाकरवाडीच्या नवशा नावाच्या ठाकराकडून त्यांनी हिरडे घेतले होते. "हिरडा चघळून पाणी प्या, गोड लागतं," त्या म्हणाल्या. "पाण्यात साखर नसते. तुरटपणा धुऊन गेला की जीभ फसते आणि मेंदूला गोड म्हणून कळवते. पण हे तुम्हा मावळातल्या माणसांना मी काय सांगणार!"

मी हातातल्या तारा खाली ठेवल्या. आणि त्यांना सगळं सांगितलं. पट्टी, घंटा, उजेड, भस्म. गोळ्याही सांगितल्या.

त्या पोतं सरकवून जवळ आल्या. मग म्हणाल्या, "कपाळाला ओलं फडकं लावून सेल जोडला की डोळ्यांच्या नसांना धक्का बसतो. मिटल्या डोळ्यांनाही लखलख दिसते. मोतीबिंदू असला तरी दिसते. त्यानं काही बरं होत नाही. फेफऱ्याच्या माणसाला असलं काही लावायचं धाडस मी प्रयोगशाळेतसुद्धा करणार नाही."

"बाई, म्हंजी माजी पुतळा..."

"गोळ्या अचानक बंद केल्या की असं होऊ शकतं," त्या म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी दिला नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

येत्या गुरुवारी आमच्या गावच्या भिमाजी आबांची नात नंदा बाबांपुढं बसणार होती. दहा वर्षांची पोर, पुतळासारखंच फेफरं, त्याच गोळ्या. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते. पण मी परगावची बाई. बोलावं तुम्हालाच लागेल."

गुरुवारी आमराई पुन्हा भरली. नंदा पाटावर बसली होती. गोळ्यांची बाटली भिमाजी आबांच्या मुठीत होती. बाबांनी पट्टी उचलली तशी खांबेटे बाई पुढं झाल्या.

"महाराज, मला जरा भस्म द्याल? चव बघते."

"माई, प्रसादाची परीक्षा घ्यायची नसते. अमेरिकेचे शास्त्रज्ञसुद्धा..."

"त्यांना राहू द्या. मी पुण्याची आहे."

लोक हसले. बाबांना ते आवडलं नाही. "विघ्न आणायला आलेली बाई आहे ही!" ते गरजले. गर्दी गुरगुरायला लागली. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. मी पुढं झालो, ताटलीतलं भस्म चिमटीत घेतलं आणि तोंडात टाकलं. पाणी प्यायलो.

"हिरडा हाय," मी मोठ्यानं म्हणालो. "राखंत मिसाळलेला हिरडा!"

"बायको गेल्यापास्नं डोस्कं फिरलंय त्याचं," भिमाजी आबा म्हणाले. "महिपती, प्रसाद हाय त्यो!"

"आबा, ही माजी अक्कल न्हवं. पुतळा बोललीती, हितंच, तुमच्यासमोर. मी तिला गप केली. गोळ्या म्या नदीत सोडल्या. नऊ दिवसांत ती गेली. तिनं प्रसादाला नाव ठिवलं म्हणून न्हाई गेली. माज्या हातानं गेली."



मी वाघाचं कातडं धरून ओढलं. बाबा कलंडले. खाली लाकडी फळीवर सेलांची रांग होती, डाव्या हाताशी एक खटका होता आणि दोरीत लपवून पट्टीपर्यंत नेलेली तार. आमच्या खात्यात वापरतात तसलीच ती तार, मला चांगलीच ओळखीची होती. मी दोन टोकं जिभेला लावली. जीभ चुरचुरली.

"सेल चांगलं हायती," मी म्हणालो.

बाईंनी पोत्यातले हिरडे वाटले. लोक चघळू लागले, पाणी पिऊ लागले. मागून पेठेची एक म्हातारी म्हणाली, "मला बी तवाच कळलं हुतं गं बाई. पर बोलायचं कसं?"

सावित्राबाईनं चाचपडत विचारलं, "मंग माजा उजेड खोटा व्हता?"

"उजेड दिसला ते खरं, मावशी," बाई म्हणाल्या. "पण तो सेलाचा होता. मोतीबिंदू काढता येतो. पुण्याला या, मी डॉक्टरांकडं नेते. दिसेलच असं आज सांगत नाही. तपासून सांगतील."

"बाबा तर नक्की सांगायचं," सावित्राबाई पुटपुटली. पण पुढच्या महिन्यात ती पुण्याला जाऊन आली, आणि एका डोळ्यानं तिला दिसू लागलं.

या गडबडीत बाबा आणि त्यांचा शिष्य आमराईच्या मागून सटकले. कातडं राहिलं. ते वाघाचं नव्हतंच, रंगवलेलं गोणपाट होतं.

भिमाजी आबा अजून बाटली धरून उभे होते. मी त्यांच्या पाया पडलो. "आबा, दुपारची गोळी चुकल तिची."

त्यांनी बूच काढलं. नंदानं गोळी घेतली, वर हिरड्याचं गोड पाणी प्यायली आणि हसली. ती आज तळेगावात शाळा शिकवते.

मी हे सगळं लिहितो ते माझ्यावरचा दोष धुऊन निघावा म्हणून नाही. तो निघणार नाही. पण वाचणाऱ्याला एवढंच सांगतो: आपल्याला जे माहीत आहे ते देवाच्या नावापुढं विसरू नका. सुताराला लाकूड कळतं, आचाऱ्याला आच कळते, रानात वाढलेल्या बाईला हिरडा कळतो. कोणी चमत्कार दाखवला तर आपलं हे ज्ञान त्याला लावून बघा. आणि डॉक्टरनं दिलेली गोळी बंद करायची असेल तर त्यालाच विचारा. घरातलं माणूस काही बोललं तर त्याला गप करू नका.

पुतळाच्या तिथीला मी दरवर्षी एक हिरडा चघळतो आणि वर पाणी पितो. पाणी गोड लागतं. मग मी मोठ्यानं म्हणतो, "व्हय पुतळा, हिरडाच हाय."