बर्नीसबाईंच्या दफनाला पाच सूर

नेब्रास्कातल्या त्या गावात वेंडेल क्राटोच्विल यांना सगळे क्राटो सर म्हणत, कारण पूर्ण आडनाव उच्चारेपर्यंत तास संपायचा. एकोणतीस वर्षांत त्यांनी शाळेच्या बँडला सतरा ढाली मिळवून दिल्या होत्या. आणि या वर्षी त्यांच्या गळ्यात नवशिक्यांचा वर्ग पडला.

कलेचा एक तरी विषय पास झाल्याशिवाय शाळेतून सुटका नाही, असा नियम. हा नियम तीन वर्षं विसरलेली अकरा मुलं शेवटच्या वर्षी जागी झाली, तोवर चित्रकलेचा वर्ग भरला होता. उरला बँड. दहा वर्षांचं पोर ट्रंपेट हातात दिला की निदान बिचकतं. सतरा वर्षांचा घोडा बिचकत नाही. तो फुंकतो.

टॅन्सी राडमाखर गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली. तिला सरांनी पहिल्याच दिवशी ट्युबा दिला.

"सर, हे पितळी कमोड मलाच का?"

"बाकीच्यांना उचलणार नाही म्हणून."

ऑस्वाल्डो बेल्ट्रान ट्रॉम्बोनवर. त्याचे आईवडील मांसाच्या कारखान्यात कामाला, आणि त्याची जीभ तिथल्या सुरीसारखी. मोठा ढोल व्हर्जिल पोलमनकडे, कारण पहाटे चारला गाईंना चारा घालून आलेला व्हर्जिल ढोलाला टेकून झोपू शकायचा.

सप्टेंबर ते मार्च एवढ्या काळात या मंडळींना पाच सूर आले. त्या पाच सुरांची एक साधी धून सरांनी स्वतः बसवली होती. कागदावर तिचं नाव 'पहिली पायरी' होतं. वर्गात तिला सगळे 'गाय अडली' म्हणत, आणि सरांना मनातल्या मनात ते नाव पटायचं.

बँडच्या खोलीला लागून शाळेचं स्वयंपाकघर. तिथे एकतीस वर्षं बर्नीसबाई हाउफ्ट यांचं राज्य. सूर फारच फाटले की त्या पलीकडून भिंतीवर डाव आपटायच्या. या वर्षी त्यांनी दोन डाव वाकवले. पण दर बुधवारी चिली, म्हणजे मांस-राजम्याचं कालवण, आणि दालचिनीचे गोड रोल असले की नवशिक्यांच्या ताटात त्या एकेक रोल जास्त टाकायच्या. "खा. तोंड भरलेलं असलं की वाजवता येत नाही," म्हणायच्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बर्नीसबाई झोपेतच गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान, म्हातारे एल्मर, टोपी हातात घेऊन शाळेत आले. शनिवारी दफन होतं, आणि शाळेचा बँड वाजला पाहिजे असं बाई सांगून गेल्या होत्या.

मुख्याध्यापिका गेल स्वोबोडा यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि मग सरांना बोलावलं.

"गेल, अगं शनिवारी मोठा बँड लिंकनला आहे, बास्केटबॉलच्या सामन्यांना. माझा गुडघा बसमध्ये दुमडत नाही म्हणून मी तेवढा मागे राहिलोय."

"नवशिके आहेत ना?"

"त्यांना पाच सूर येतात!"

"दफनाला किती लागतात?"

सर दोन रात्री तळमळले. सगळं गाव येणार. सतरा ढालींचा माणूस कबरीपाशी उभा राहून 'गाय अडली' वाजवणार? तिसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली, आणि आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले की ती लबाडी आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मोठ्या बँडने गेल्या वर्षी वाजवलेलं एक प्रार्थनागीत त्यांच्या फोनवर होतं. मोठ्या ढोलाच्या पोटात स्पीकर ठेवायचा. गाणं ढोलातून येईल. मुलांनी फक्त वाद्यं तोंडाला लावायची.

"म्हणजे नुसते गाल फुगवायचे?" टॅन्सीने विचारलं.

"हो."

"मग मला कशाला नेता? बेडूक न्या."

"बर्नीसबाईंना फसवायचं, सर?" ऑस्वाल्डो म्हणाला.

"बर्नीसबाईंना आता ऐकू येत नाही," सर म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचाच थोडा राग आला, पण शब्द बाहेर पडला होता. मुलं काही बोलली नाहीत. ही मुलं गप्प बसली की काहीतरी बिनसलंय, एवढं सरांना कळायला हवं होतं.

शनिवारी स्मशानभूमीत बोचरा वारा होता आणि पायाखाली अर्धवट गोठलेला चिखल. शववाहिनीतून पेटी उतरली. फादर सेडलाचेक यांनी थंडीमुळे प्रार्थना भराभर उरकली आणि सरांकडे पाहून मान हलवली. सरांनी एका हाताने ताल द्यायची छडी उचलली आणि दुसऱ्या हाताने खिशातला फोन दाबला.

काय सुंदर वाजलं! पहिल्या दोन ओळींतच गेलबाईंनी रुमाल काढला. अकरा गाल एका तालात फुगत होते. झोपाळू व्हर्जिलसुद्धा ढोलापासून इंचभर अंतरावर काठी थांबवत होता. फक्त ट्युबाच्या तोंडामागून टॅन्सी सरांकडे टक लावून बघत होती.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर संगीत थांबलं, आणि ढोलाच्या पोटातून एक बाई स्वच्छ, प्रसन्न आवाजात म्हणाली, "बॅटरी संपत आली आहे. कृपया चार्ज करा."

मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी छातीवर क्रूस काढला. आवाज ढोलातून आला की पेटीतून, याबद्दल त्यांची खात्री नव्हती. पुढचे तीन-चार सेकंद अकराही मुलं गाल फुगवून तशीच, आवाजाविना, इमानदारीने वाजवत राहिली. मग एकेक गाल बसत गेला. वाऱ्याखेरीज काही ऐकू येईना. सरांची छडी हवेतच राहिली. कान इतके तापले की त्यावर रोल भाजता आला असता. पळून जावं तर गुडघा साथ देणार नव्हता.

आणि टॅन्सीने श्वास घेतला. गोळा फेकायच्या आधी घ्यायची तसा, पोटाच्या तळापासून. ट्युबातून जो सूर निघाला त्याने जवळच्या झाडावरचे कावळे उडाले. तो पहिला सूर होता, आणि तो बरोबर होता. दुसऱ्या सुराला ऑस्वाल्डोचा ट्रॉम्बोन येऊन मिळाला, तिसऱ्याला ट्रंपेटवाले, तेही तिघे तीन वेळांना. क्लॅरिनेट शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळली. व्हर्जिलने ढोल बडवला तसा आतला स्पीकर खुळखुळ्यासारखा वाजायला लागला. भर कबरस्तानात गाय अडली होती, आणि अडतच चालली होती.

सरांचा हात आपोआप हलायला लागला. एकोणतीस वर्षांची सवय. तो हात कुणाला वाट दाखवत होता असं नाही. मुलं जिथे जात होती तिथे तो मागून जात होता.

धून संपली. पहिल्या रांगेत एल्मर खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. म्हाताऱ्याला रडवलं आपण, असं सरांना वाटलं. एल्मरनी मान वर केली. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"एकतीस वर्षं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रोज रात्री जेवताना ही मला या आवाजाचं रडगाणं ऐकवायची. मला वाटायचं, तिखटमीठ लावते. पण नाही हो. एक शब्द खोटा नव्हता." त्यांनी डोळे पुसले. "परत वाजवा, पोरांनो. पेटी खाली जाईपर्यंत वाजवा."

मुलांनी ती धून चार वेळा वाजवली. दुसऱ्या वेळेला गाव हसायला लागलं, तिसऱ्या वेळेला रडायला, आणि चौथ्या वेळेला दोन्ही एकदम.

नंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड आणि कोलाचे नावाचे गोड पाव मांडले होते. सर बशी न घेताच एल्मरपाशी गेले. "एल्मर, मला तुम्हाला काही सांगायचंय. ते आधीचं गाणं..."

"ढोलात होतं. ठाऊक आहे."

"त्या बॅटरीवाल्या बाईमुळे..."

"त्याने शंका आली. मग मघाशी तुमची पोरं येऊन सगळं सांगून गेली. माफी मागायला आली होती." एल्मरनी कोलाचेचा तुकडा मोडला. "ती ट्युबावाली म्हणाली, 'सरांना आमची लाज वाटते, म्हणून झालं तसं.' काही कुरकुर नव्हती हो तिच्या बोलण्यात. हवापाणी सांगावं तसं सांगितलं."

सर तसेच जिना चढून बाहेर आले. मुलं व्हर्जिलच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होती.

"पोरांनो," सर म्हणाले, "मला तुमची लाज वाटत होती. ते चुकलं माझं."

ऑस्वाल्डोने घास गिळला. "आम्हालाही वाटत होती, सर. तुमची."

"बरोबर आहे."

"मग आता?" टॅन्सीने विचारलं. "शिकवणार का नीट? का नुसतेच शाळा संपण्याची वाट बघत दिवस ढकलायचे?"

"शिकवतो. पण परीक्षा रद्द होणार नाही," ऑस्वाल्डोचं तोंड उघडण्याआधीच सर म्हणाले. "सोमवारी सगळ्यांनी सप्टेंबरात वाटलेलं सुरांचं पुस्तक घेऊन यायचं."

व्हर्जिलने सँडविच खाली ठेवलं. "कुठलं पुस्तक?"