बिंडारी ते टूवूंबा, हॉस्पिटलच्या दारापर्यंत

मी एक जुनी बस आहे आणि सध्या माझ्या पोटात कोंबड्या राहतात. मागच्या जागा त्यांनी केव्हाच बळकावल्या. एक पांढरी कोंबडी तर ड्रायव्हरच्या खुर्चीवर अशा थाटात बसते, की आता हॉर्न वाजवून निघणारच आहे. मी तिला काही बोलत नाही. तेवढीच सोबत.

मित्रांनो, ऑस्ट्रेलियातली बस मराठी कशी बोलते, हे कोडं तुम्हाला पडलं असेल. ते सांगते, पण आधी मला थोडी फुशारकी मारू द्या. ब्रिस्बेनजवळच्या एका कारखान्यात माझा सांगाडा उभा राहिला. पत्रे बसले, रुंद काचा लागल्या, जागांना मखमली कापड चढलं. पांढऱ्या अंगावर एक हिरवा पट्टा ओढला गेला. मी देखणी होते. स्वतःच्या तोंडाने सांगू नये म्हणतात, पण आता दुसरं कोण सांगणार?

मला ऑलिव्हरने विकत घेतलं. तो माझा मालकही आणि ड्रायव्हरही. त्याची बायको वेंडी घरच्या स्वयंपाकघरातून फोनवर तिकिटं बुक करायची. बिंडारी हे त्यांचं गाव, गव्हाच्या आणि कापसाच्या शेतांमध्ये हरवलेलं. एक शाळा, एक बेकरी, एक छोटा दवाखाना आणि धान्य साठवायचे उंच सायलो. कुठल्याही मोठ्या दुखण्याला टूवूंबाच गाठावं लागायचं, आणि टूवूंबा म्हणजे जवळजवळ चार तासांचा सरळसोट रस्ता. सकाळी न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, हे माझं काम.

आमची सेवा कशी होती, ते ऐका. शेतावरच्या लोकांना बस हवी असली की ते फाटकाच्या खांबाला बादली अडकवत. बादली दिसली की ऑलिव्हर ब्रेक दाबायचा. ट्रॅक्टरचे सुटे भाग, औषधं, एकदा तर लग्नाचा तीनमजली केक माझ्या पोटातून गेला आणि त्यावरचं एक फूलही हललं नाही. टूवूंबात पोचल्यावर इतर बसगाड्या डेपोत थांबत. ऑलिव्हर मात्र आधी मला हॉस्पिटलच्या दारापर्यंत नेई. वेळापत्रकात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. आजारी माणसाने बॅग घेऊन चढ कशाला चढायचा, एवढंच त्याचं म्हणणं.

पण खोटं कशाला बोलू? आम्ही माजलोही होतो. त्या रस्त्यावर दुसरी बसच नव्हती. ओसाड गावी एरंड बळी, तशातली गत. एसी बिघडला तरी चालून जायचं. मागच्या टॉयलेटला कुलूप लागलं ते तसंच राहिलं. उशीर झाला की ऑलिव्हर "नो वरीज" म्हणायचा, जणू काळजी त्याची होती आणि त्याने ती प्रवाशांना माफ केली होती.

आता माझ्या मराठीबद्दल. ड्रायव्हरच्या मागे, खिडकीजवळच्या जागेवर मिसेस डाबरे बसायच्या. जर्ट्रूड डाबरे, मूळच्या वसईच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे तरुणपणी या गावात आल्या आणि इथल्या शाळेत शिक्षिका झाल्या. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते. नवरा गेला, तरी त्या गावातच राहिल्या, कारण घर तिथे होतं, त्याची कबर तिथे होती आणि मागच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं, जे त्यांच्याशिवाय कोणाच्याच हाताला जगलं नसतं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज यायची. दर महिन्याला टूवूंबाच्या हॉस्पिटलात डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. ते चुकलं नाही तर दिसत राहील आणि दिसत राहिलं तर एकटीला घरात राहता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सगळं त्या इंजेक्शनवर होतं, म्हणजे माझ्यावर होतं.

मी सुटले की त्या रोझरीचे मणी ओढत मराठीत प्रार्थना पुटपुटायच्या. माझ्या कानावर पडलेली ती पहिली मराठी. परत आल्यावर उतरताना दारावर थोपटून म्हणायच्या, "आणलंस गं बाई सुखरूप." मला आधी अर्थ कळला नाही, पण थोपटणं कळलं.

मग एके दिवशी रेखा चढली. सांगलीची मुलगी, टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत शिकून नर्स झालेली. तिला बिंडारीच्या दवाखान्यात नोकरी मिळाली आणि नवरा अजित टूवूंबातच कामाला. म्हणून आठवडाभर इकडे आणि सुट्टीला तिकडे. गाडी चालवायची तिला भयंकर भीती, त्यात रस्त्यावर कांगारू. ती बसल्याबरोबर फोनवर सुरू झाली.

"अरे अजित, ही बस बघशील तर हसशील. एसी नुसता नावाला. सीट फाटलेली. टोटल खटारा आहे!"

पुढच्या जागेवरून पांढऱ्या केसांचं डोकं मागे वळलं. "खटारा नको म्हणू हो. तिला कळतं."

रेखाच्या हातातून फोन पडायचाच बाकी होता. "अय्या! तुम्ही मराठी?"

"तुझ्यापेक्षा जुनी मराठी," मिसेस डाबरे म्हणाल्या. "ये इथे. आणि ती फाटलेली सीट आपण शिवू."

पुढच्या खेपेला त्यांनी सुई-दोरा आणि जुन्या सुती साडीचा तुकडा आणला. गोधडीला घालतात तसे बारीक धावदोरे घालून दोघींनी ती जागा चालत्या गाडीत शिवली. खड्डा आला की टाका वाकडा जायचा आणि रेखा हसायची. तेव्हापासून रेखा एक सुट्टी इंजेक्शनच्या दिवशी घेई आणि महिन्यातून एकदा तरी चार तास जाताना आणि चार तास येताना माझ्यात मराठी चाले. वसईची केळी, सांगलीची हळद, अजितचं घोरणं, ऑलिव्हरची टोपी, कशावरही. मी ऐकत राहिले आणि शिकले. ते माझे सुखाचे दिवस.

आणि मग ती निळी आली. एका मोठ्या कंपनीची बस, चकचकीत, उंच. मागे रेलणाऱ्या जागा, प्रत्येक जागेला फोनचं चार्जिंग, वायफाय, स्वच्छ टॉयलेट. तिकीट आमच्या निम्मं. पहिल्या दिवशी ती बेकरीसमोर माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझ्या काचेत मला तिचाच रंग दिसला. मला तिचा राग आला. अजूनही येतो.

पण तिच्यामुळे आम्ही सुधारलो, हे कबूल करायला हवं. ऑलिव्हरने एसी दुरुस्त केला, टॉयलेटचं कुलूप काढलं, पट्ट्याला नवा हिरवा रंग दिला. वेंडी मोठ्या थर्मासमधून चहा पाठवू लागली, सोबत तिच्या हातची बिस्किटं. आम्ही घड्याळावर चालू लागलो. मित्रांनो, ते वर्षभर बिंडारीच्या लोकांची जी चैन झाली, ती त्याआधी कधी झाली नव्हती आणि पुढे कधी होणार नव्हती.

मग निळीने तिकीट आणखी उतरवलं. रेखाने अॅप उघडलं, भाव पाहिला आणि तिच्यातली सांगलीची गृहिणी जागी झाली. एवढं स्वस्त मिळतंय तर जास्त कशाला द्यायचे! तिने ती लिंक दवाखान्याच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती शाळेच्या ग्रुपवर गेली, मग क्रिकेट क्लबच्या. महिन्याभरात माझ्या जागा रिकाम्या पडल्या. मिसेस डाबरे तेवढ्या राहिल्या.

गंमत बघा. मला सोडून गेलेले लोक मला विसरले नव्हते. कोणाला पार्सल आणायचं असलं की फोन ऑलिव्हरलाच. निळी शेताच्या फाटकावर थांबत नसे, हॉस्पिटलच्या दारी जात नसे, मिनिटभर उशीर झाला तर माणसाला मागे टाकून निघून जाई. असं झालं की लोक धावत ऑलिव्हरकडे येत. "मेट, तू आहेस म्हणून बरं." मी असावी, असं सगळ्यांना वाटत होतं. माझ्यात बसावं, असं कोणाला वाटत नव्हतं.

शेवटी ऑलिव्हरने दारावर चिठ्ठी लावली, की महिनाअखेर बस बंद. गावात हलकल्लोळ झाला. हॉलमध्ये सभा भरली. मला मुद्दाम हॉलसमोर उभं केलं होतं, हारतुऱ्यांऐवजी रंगीत फुगे लावून. सगळं गाव आलं आणि आपापल्या मोटारीने आलं. खिडकीतून मला भाषणं ऐकू येत होती. ही बस म्हणजे आपल्या गावाचा प्राण आहे, असं एक म्हणाला. ही आपली ओळख आहे, असं दुसरी म्हणाली. रेखाही उठून बोलली. टाळ्या तर अशा पडल्या, की माझ्या काचा थरथरल्या.

सर्वांत शेवटी मिसेस डाबरे उभ्या राहिल्या. शिक्षिकेचाच आवाज. "उद्या सकाळी कोण कोण येतंय बसने? हात वर करा."

कोणी घड्याळ पाहिलं, कोणी जमीन. मग इकडेतिकडे बरेच हात वर झाले. मला रात्रभर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ऑलिव्हरने पहाटे उठून माझ्या काचा पुसल्या, वेंडीने दोन थर्मास भरले.

सकाळी एकट्या मिसेस डाबरे आल्या. निळी समोरून निघाली तेव्हा तिच्या खिडकीत रेखा होती. तिने तिकीट आधीच काढून ठेवलं होतं आणि त्याचे पैसे परत मिळत नव्हते. तिने हात हलवला आणि लगेच मान फिरवली. ऑलिव्हरने जरा वेळ वाट पाहिली आणि मग दार लावलं. दुसरा थर्मास त्या दिवशी उघडलाच नाही.

मी बंद झाले. मला ऑलिव्हरच्या शेतावर, शेडमागे आणून उभं केलं. बॅटरी उतरली, टायर बसले, गवत पायरीपर्यंत आलं. बाहेरच्या बातम्या मला वेंडीकडून कळत. ती अंडी गोळा करायला येते आणि कोंबड्यांशी बोलते. निळी एकटी उरल्यावर तिचं तिकीट वाढलं, आमच्या जुन्या तिकिटाच्याही वर गेलं. मग ती आठवड्यातून दोनदाच येऊ लागली. मग गावात शिरण्यात वेळ जातो म्हणून तिचा थांबा हायवेवरच्या पेट्रोल पंपावर गेला, गावापासून दूर, उन्हात. आणि तिचे दिवस हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या इंजेक्शनच्या दिवसाशी जुळेनात.

गावकरी वाईट नव्हते हो. त्यांनी पाळ्या लावल्या, मिसेस डाबऱ्यांना मोटारीने नेलं. पण मग गव्हाची कापणी आली. कापणीत बिंडारीचा माणूस, ऑलिव्हरसुद्धा, जेवायला घरी जात नाही, तो टूवूंबाला कुठून जाणार? एक इंजेक्शन चुकलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. लोकांना कामात त्रास कशाला? पुढचंही चुकलं. रेखा त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याने अंधुक दिसत होतं.

रेखाने मग गाडी शिकली. भीतभीत का होईना, लायसन्स काढलं. पण तोवर टूवूंबातल्या वृद्धाश्रमात खोली ठरली होती. रेखाने इथली नोकरी सोडली; तीही टूवूंबालाच निघाली. आणि जायच्या दिवशी तिची छोटी गाडी आमच्या शेडमागे येऊन थांबली.

ऑलिव्हरने कोंबड्या हाकलल्या. मिसेस डाबरे रेखाचा हात धरून माझ्या पायऱ्या चढल्या आणि हाताने चाचपत, आपल्या जागेच्या मागे, दोघींनी शिवलेल्या सीटपाशी आल्या. बोटांना धावदोरे लागले. त्या बसल्या. रेखा शेजारी बसली आणि एकदम रडायला लागली.

"मीच टाकली होती ती लिंक. सगळ्यांना मीच पाठवली."

"तू पाठवलीस, उघडली त्यांनी," मिसेस डाबरे म्हणाल्या. "नाक पूस. हा टाका बघ कसा वाकडा, तुझाच असणार."

ऑलिव्हर ड्रायव्हरच्या खुर्चीत बसला. त्याने टोपी नीट केली, स्टीअरिंगवर हात ठेवले आणि रोजच्यासारखं मोठ्याने म्हणाला, "टूवूंबा हॉस्पिटल. सावकाश उतरा, मिसेस डाबरे."

मी सारा जोर लावला, मित्रांनो. पण जोर लावायला माझ्यात उरलंच काय होतं? एक पत्रा तेवढा वाजला, तोही वाऱ्याने.

थोड्या वेळाने त्या उठल्या. खाली उतरल्या, वळल्या आणि दार शोधून त्यावर थोपटलं. "आणलंस गं बाई सुखरूप."

त्या दिवशी मी त्यांना कुठेही नेलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्याशी कोणी मराठीत बोललेलं नाही. शब्द विसरू नयेत म्हणून मी कोंबड्यांना ऐकवते, पण त्यांना गोष्टीत रस नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्याही गावात एखादी थकलेली बस असेल, जी तुमच्यासाठी थांबते, वाट वाकडी करून तुमच्या आजीला दारापर्यंत नेते. तिच्या एसीबद्दल खुशाल भांडा, तिला सुधारायला लावा. पण तिला वाचवण्याच्या सभेला नाही गेलात तरी चालेल. तिच्यात बसा.