चुंबकाला चिकटेल ते

सुनेने चुंबक पातेल्याच्या बुडाला लावला. टकलावरून माशी घसरावी तसा तो घसरला.

“हेही जाणार,” म्हणत तिने पातेलं दाराजवळच्या खोक्यात टाकलं.

नव्या इंडक्शन शेगडीबरोबर दुकानदाराने कानमंत्र दिला होता: चुंबकाला चिकटेल ते घरात, न चिकटेल ते बाहेर. खोक्याशेजारी, पायाशी पिशवी घेऊन सासूबाई बसल्या होत्या. आज त्या लेकीकडे निघाल्या होत्या. हवापालटाला, असं सगळे म्हणत होते. परतीचं तिकीट मात्र कुणीच काढलं नव्हतं.

“माझं एकही चिकटलं नाही का गं?”

“नाही ना, आई. मी तरी काय करू? शेगडी ओळखतच नाही त्यांना.”

“शेगडीच ती. इथे माणसं कुठे ओळखतात.”

सुनेने या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. दुकानातून आणलेल्या कोऱ्या पातेल्यात दूध ओतून तिने ते शेगडीवर ठेवलं आणि बटण दाबलं.

“भांडं ठेवा,” शेगडी गोड आवाजात म्हणाली. बोलकी शेगडी हवी, हा सुनेचाच हट्ट होता.

“ठेवलंय की.”

“भांडं ठेवा.”

सुनेने पातेलं फिरवलं, पुसलं, सरकवलं. नवरा आला. त्याने प्लग काढून पुन्हा लावला, म्हणजे त्याला येत होती तेवढी सगळी दुरुस्ती केली.

“भांडं ठेवा.”

“सरक, बघू.” सासूबाई उठल्या. पातेलं उचलून त्यांनी ओट्याच्या पार टोकाला ठेवलं, आणि पोराचा ताप बघावा तसा रिकाम्या काचेवर तळहात टेकवला.

“भांडं मिळालं,” शेगडी म्हणाली.

ओट्याच्या टोकाला दूध उतू गेलं.

कुणीच पुसायला धावलं नाही.

“आई, हात भाजला?” नवऱ्याने विचारलं.

“छे, गार आहे काच. आणि डॉक्टर म्हणतात, तुमच्या अंगात लोह कमी.”

नवरा हसला. सूनही हसली, जरा उशिरा. सासूबाईंनी हात काढल्यावर तिने आपला हात काचेवर ठेवला.

“भांडं ठेवा.”

तिने दोन्ही हात दाबून धरले.

“भांडं ठेवा.”

पाठ फिरवून तिने गुपचूप चुंबक आपल्या मनगटाला लावला. तो घसरून खाली पडला. घसरणारच, माणसाला कधी चुंबक चिकटतो का? ती स्वतःला हेच समजावत होती, तोवर सासूबाईंनी वाकून तो उचलला आणि तळहात उपडा करून तिच्यापुढे धरला.

चुंबक पडला नाही.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. नवऱ्याने पिशवी उचलली आणि दोघींकडे आळीपाळीने बघत तो तसाच उभा राहिला.

“मग,” त्याने विचारलं, “कोणाला सोडायचंय?”

सुनेने खाली पाहिलं. मागे सरता सरता ती खोक्याशी येऊन थांबली होती.