सतरा नंबरचा लाल

श्रीपादने ओला फडका मोटारीच्या बॉनेटवरून एकदाच फिरवला आणि उलटा करून पाहिला. फडका लाल झाला होता.

“घ्या,” त्र्यंबकराव म्हणाले. “आता गाडी पुसता पुसता मालकाचं धोतरही फुकटात रंगून निघेल.”

त्र्यंबकराव कोलशेतच्या त्या रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर. रागावले की विनोद करायचे, आणि त्या विनोदाला हसायची कुणाची छाती नव्हती. श्रीपाद लेले तिथला केमिस्ट. समोरची मोटार अकरा महिन्यांपूर्वी ज्या लाल रंगाने रंगवली होती, तो त्याने स्वतः बनवलेला होता. कारखान्यात त्याला सतरा नंबर म्हणत.

त्याने गाडीचं दार उघडलं. दाराच्या आतल्या कडेला ऊन पोचत नव्हतं. तिथे सतरा नंबर होता तसाच होता, पिकलेल्या रातांब्यासारखा. टपावर आणि बॉनेटवर मात्र त्याचं पार मातेरं झालं होतं. लाली उडून गेली होती आणि खडूसारखी भुकटी तेवढी राहिली होती. बोट लावलं की बोटाला येत होती.

“वीस गाड्या रंगवल्या आपण. अकरा परत आल्या. उरलेल्या नऊ वाटेत असतील,” त्र्यंबकराव म्हणाले. “सोमवारी मोटार कंपनीचे लोक येतायत. काय दाखवू त्यांना? हा फडका?”

“गच्चीवरचा नमुना दाखवा,” श्रीपाद म्हणाला. “साडेचार वर्षं उन्हापावसात आहे. त्याला काहीही झालेलं नाही. दर शनिवारी सकाळी मी स्वतः बघतो.”

“तेच म्हणतोय मी! नमुना सोनं आणि माल माती. म्हणजे घोळ मिक्सिंगमध्ये. काळुरामने घातलं असणार काहीतरी कमीजास्त. सोमवारी पाहुण्यांच्या देखत त्याला घरी पाठवतो. आपलं नाक तरी शाबूत राहील.”

काळुराम बारा वर्षं मिक्सिंगवर होता. तराजूचा काटा थरथरत असला तर तो श्वास रोखून उभा राहायचा, असा माणूस. घरी खाणारी तोंडं सहा. हे सगळं श्रीपादला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर त्र्यंबकरावांचं बोलणं ऐकून त्याच्या छातीवरचा दगड उतरला. माणसाचं मन असंच असतं मेलं. शेजारचं घर पेटलं की आधी आपलं छप्पर चाचपून बघतं.

“नमुना पक्का आहे ना, लेले?” त्र्यंबकरावांनी विचारलं. “खोटा नमुना करणाऱ्याला ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकही रंगवाला दारात उभा करणार नाही. तुम्हाला हे सांगायला नको.”

“पक्का आहे. आत्ता काढून आणतो.”

साडेबारा वाजले होते. चैत्राचं ऊन असं होतं की अंगणातली कुत्रीसुद्धा ट्रकखाली जाऊन पडली होती. श्रीपाद नोंदवही बगलेत मारून लोखंडी जिना चढू लागला तेव्हा कठड्याला हात लावून त्याने पटकन मागे घेतला. या वेळी तो कधी वर आला नव्हता. दुपारी खाली डबा असे, बायकोने, मंदाकिनीने दिलेला. नंतर प्रयोगशाळेतला पंखा.

गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून एक लाकडी घोडा उभा केलेला होता. त्याच्या उतारावर रंगवलेले पत्रे ओळीने लावलेले. प्रत्येक पत्र्याचा अर्धा भाग टिनच्या पट्टीखाली बंद, अर्धा उघडा. पट्टी उचलली की रंग मूळचा कसा होता आणि आता कसा झालाय, ते शेजारीशेजारी दिसायचं. त्यात डोकं चालवण्यासारखं काही नव्हतं. रंग किती टिकेल हे उन्हालाच विचारावं लागतं, आणि उन्हाला उत्तर द्यायची घाई नसते.

त्रेपन्न सालच्या दसऱ्यानंतर हे पत्रे लागले. दोन वर्षांत काळा राखाडी पडला. बदामी पिवळटला. निळ्याची तर दशा बघवत नव्हती. सतरा नंबरच्या तीन पत्र्यांवर मात्र पट्टी उचलली तर रेघसुद्धा उमटलेली दिसत नसे. तीन वर्षं पुरी झाल्यावर श्रीपादने अहवालात लिहिलं होतं, ‘लाल काळ्याहून सरस.’ पुण्याहून त्याच्या जुन्या प्राध्यापकांनी पत्र पाठवून विचारलं होतं, लाल रंग काळ्यापेक्षा जास्त टिकला असं जगात कुठे झालंय का रे? श्रीपादने उत्तर धाडलं नाही. “जळतात दुसरं काय,” असं मंदाकिनीला म्हणाला होता.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत धाकू भाकरी आणि सुकट खात बसला होता. कोलशेत गावातलाच माणूस, पन्नाशी उलटलेला. आधी मिठागरात होता, मग इथे लागला. पत्र्यांवरून आठवड्यातून एकदा गोडं पाणी फिरवायचं, कावळे हाकायचे, एवढंच त्याचं काम.

घोड्याच्या एका टोकाला ओलं गोणपाट पसरलेलं होतं. तीन पत्र्यांवर. बाकीचे सगळे उन्हात उघडे.

श्रीपाद तिथेच थांबला.

“धाकू, हे काय आहे?”

“गोनपाट,” धाकू घास गिळून म्हणाला.

“ते दिसतंय मला. इथे कशाला घातलंस?”

“ऊन लय हाय ना, साहेब. अकराला टाकतो, चारला काढतो. सुकला का परत पानी मारतो.”

“आज टाकलंस?”

“रोज टाकतो.”

“रोज म्हणजे कधीपासून?”

“पत्रं लावलाव तवापासून.”

ते गोणपाट श्रीपादने शंभरदा पाहिलं होतं. शनिवारी सकाळी टाकीमागे घडी घालून ठेवलेलं असायचं. धाकू त्याच्यावर बसत असेल, असं त्याने धरलं होतं. आता त्याने ते एका टोकाने उचललं आणि खालच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा गार होता. शेजारच्या काळ्यावर बोट टेकवलं तर चटका बसला.

तो घोड्याच्या पायाला टेकून खालीच बसला, तापलेल्या गच्चीवर.

“तुला हे सांगितलं कुणी?”

“तुमीच.”

“मी?”

“त्या दिसाला. पत्रं लावून झालं, समदी खाली गेली, आन् तुमी हितंच उभं. मना बोल्लाव, धाकू, पोर गेली, आता माजा म्हणून येवराच उरलाय. हा जप.” धाकूने हात टाकीच्या नळाखाली धुतले. “मंग जपला.”

भाद्रपदात त्याची मुलगी नीला गेली होती. घटसर्पाने, चौथ्या वर्षी. त्यानंतर महिना उलटला नाही तोच श्रीपाद कामावर येऊन पत्रे रंगवत होता, कारण घरात मंदाकिनी एकही शब्द न बोलता भिंतीकडे बघत बसायची आणि त्यालाही काही बोलता येत नसे. बायकोला जे सांगता आलं नाही, ते तो इथे कावळे हाकणाऱ्या माणसाला बोलून गेला होता. बोलून विसरलाही होता. ‘जप’ म्हणजे कावळ्यांपासून जप, असं त्याच्या मनात असेल. की नव्हतं? आता त्याला सांगता येईना.

“मग बाकीचे पत्रे का नाही झाकलेस?”

“ते तुमचं कुठं हायत?” धाकूला प्रश्नच कळला नाही. “मी मिठागरात वाढलो, साहेब. मिठाला ऊन पायजे. बाकी समद्याला ऊन खातो. दुपारचा तं लयच वंगाल.” मग तो कठड्याशी गेला, खाली अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “गाड्या परत आल्यात म्हनं. त्यांना दुपारचा कोन झाकीत नाय का?”

श्रीपादला हसू फुटलं. कसलं हसू ते! त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. साडेचार वर्षं. अहवाल, सह्या, वीस गाड्या. एकदा, एका दुपारी, नुसता जिना चढला असता तर! पण त्याला खात्री हवी होती कुठे? त्याला फक्त लाल बघायचा होता, लालच राहिलेला.

धाकू घाबरला. समोर येऊन उकिडवा बसला.

“माजा कायी चुकला का? तीन दिस नाय टाकला, तेवरा खरा हाय. गेल्या वरसाला, आखाजीच्या टायमाला. शेवंती गेली तवा. चवथ्या दिसाला आलो आन् आधी पत्रंच बघितलं. कायी झाला नव्हता. पन तुमाला सांगाया पायजे व्हता मी.”

“शेवंती कोण?”

“बायको.”

ती नोंद श्रीपादला आठवली. स्वतःच्या सुंदर अक्षरात त्याने लिहिली होती. ‘धाकू तीन दिवस विनापरवानगी गैरहजर. पत्र्यांवर कावळ्यांची घाण. कडक समज दिली.’ खरोखरच दिली होती. प्रयोगशाळेच्या दारात, सगळ्यांसमोर, चांगली पाच मिनिटं. धाकू मान खाली घालून ऐकत होता आणि शेवटी “व्हय” म्हणून गच्चीवर गेला होता.

“तेव्हा का नाही बोललास रे?”

“तुमचा आधीच येवरा मोठा गेल्याला. तुमाला कशाला आनखी सांगू?”

श्रीपाद त्याच्याकडे बघत राहिला. धाकूच्या दाढीचे खुंट पांढरे होते, आणि सदऱ्याची वरची दोन बटणं तुटलेली. ती कुणी लावून दिली नव्हती. हे सगळं त्याला आज, आत्ता दिसत होतं.

खाली काही सांगायची गरजच नव्हती. पत्रा काढायचा, पुसायचा आणि त्र्यंबकरावांच्या हातात द्यायचा. पत्रा काय बोलणार आहे? सोमवारी काळुराम घरी जाईल आणि श्रीपाद लेले आहे तिथे राहील, पंख्याखाली. किंवा खरं काय ते सांगायचं, तर धाकू जाईल. आज संध्याकाळीच जाईल, सोमवारचीही वाट कुणी बघणार नाही. या वयात मिठागरवाला काही त्याला परत घेणार नव्हता.

श्रीपादने बगलेतली नोंदवही मांडीवर उघडली. उन्हात कागदाकडे बघवत नव्हतं. टोपणाचं पेन तापलं होतं. त्याने तारीख घातली आणि लिहायला घेतलं.

‘सतरा नंबरचे तिन्ही नमुने पहिल्या दिवसापासून दररोज अकरा ते चार या वेळेत झाकलेले होते. त्यामुळे माझा अहवाल खोटा आहे. मिक्सिंगमध्ये कोणताही दोष नाही. नमुने झाकण्याची सूचना माझी होती.’

शेवटचं वाक्य त्याने पुन्हा वाचलं. त्यात खोडण्यासारखं त्याला काही सापडलं नाही. त्याने खाली सही केली.

आता मंदाकिनीला काय सांगायचं, हा प्रश्न होता. नोकरी गेली एवढं सांगता येईल. का गेली, ते सांगायचं तर नीलाचं नाव काढावं लागेल, आणि त्या घरात साडेचार वर्षांत ते नाव कुणी काढलं नव्हतं.

“काय लिवताव?” धाकूने विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं.

“तू माझं ऐकलंस, ते लिहितोय.”

“मंग बरा,” धाकू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली.

“लेले!” अंगणातून त्र्यंबकरावांचा आवाज आला. “अहो, पत्रा काढताय की नवा रंगवताय?”

श्रीपादने उठायचं म्हणून हात टेकला, पण उठवेना. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. धाकूने एकदा वर सूर्याकडे बघितलं, एकदा साहेबांच्या विरळ झालेल्या डोक्याकडे. मग त्याने घोड्यावरचं गोणपाट ओढून काढलं, टाकीच्या नळाखाली धरलं, पिळलं, आणि श्रीपादच्या डोक्यावरून खांद्यांपर्यंत नीट पसरून घातलं.

“ऱ्हाऊ द्या जरा,” तो म्हणाला. “आता उतरंल ऊन.”

चार वाजायला अजून तीन तास होते. गोणपाटाखाली अंधार होता, गारवा होता आणि सुकटीचा वास होता. श्रीपादने ते काढलं नाही. शेजारी सतरा नंबरचा लाल भर दुपारच्या उन्हात उघडा पडला होता, शेवंतीचे तीन दिवस सोडले तर पहिल्यांदाच.

खालून त्र्यंबकरावांनी पुन्हा हाक मारली.