गोजरबाईच्या माहेरची काठवट

अहो, पाय जपून! ठेचकाळायचं तुम्ही आणि वर शिव्या खायच्या मी, हे काही बरं नव्हे. गोठ्याच्या वळचणीला पालथी पडलेय म्हणून मला सरपणातली ढलपी समजू नका. मी काठवट आहे, भाकरी थापायची लाकडी परात. काटेवाडीच्या गोजरबाईची, तिच्या माहेराहून आलेली काठवट. आधी माझ्यात घरादाराच्या भाकरी थापल्या गेल्या, मग एक कुत्रा माझ्यात जेवला. दोन्ही दिवस मला सारखेच आठवतात. लाकडाला काय आठवायचं, असं म्हणाल. बसा घटकाभर, सांगते.

माझा जन्म इंदापूरकडच्या निमगावचा. वळवाच्या वाऱ्यात बांधावरचा आंबा कोसळला आणि रामहरी सुतारानं त्याच्या बुंध्यातून मला कोरून काढलं. काय तासलं म्हणता मेल्यानं! पोटात त्याचं तासायचं वाकस फिरायचं तेव्हा जीव नको व्हायचा. पण गोजरच्या आईनं, रंगूबाईनं मला मांडीवर घेऊन तेल चोपडलं, हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "माझ्या गोजरच्या हाताला ही लागायची न्हाय." तेव्हा कळलं, आपण कुणासाठी झालोय ते.

लग्न होऊन गोजर सासरी निघाली ती बैलगाडीत मला पोटाशी धरूनच. सगळी वाट रडली पोर. तिची आसवं माझ्यात पडत होती आणि मी नवी कोरी, पिऊन टाकत होते.

काटेवाडीची ती वस्ती कॅनॉलच्या कडेला होती. नवरा जोतीराम आणि सासरा गेणबा, बस, एवढंच घर. सासू कधीच वारलेली. सासऱ्याला सगळे आबा म्हणायचे. पाटाच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी पिकवायची आणि बारामतीच्या बाजाराला न्यायची. तिकडं कळंबाच्या बाजूला साखर कारखान्याची नवी चिमणी उठली होती, गावागावात उसाच्या गोष्टी चालायच्या. पण आबा म्हणायचे, "आपली वांगी बरी. रोज तोंडाकडं बघून हसत्यात."

गोजरची भाकरीची थाप मात्र ऐकावी! आधी कडेकडेनं, सावकाश. मग भाकरी फिरवून चिमटीनं पीठ भुरभुरायची, तेवढा वेळ हात थांबायचा. आणि मग भराभर, काकणांच्या किणकिणीसकट. शेवटी तळहाताची एक सपाट थाप, आणि भाकरी तव्यात. त्या आवाजावर वस्तीला भूक लागायची. आबा मात्र पुढ्यात भाकरी आली की रोज तेच बोलायचे, "आज जरा जाड झालीया." कधी जाड, कधी कडक, कधी करपली. एका शब्दानं कधी बरी म्हणून म्हणाले असतील तर शपथ. गोजर मान खाली घालून चुलीतली लाकडं पुढं सारायची.

पुढं एका कडक उन्हाळ्यात माझ्या पोटाला चीर गेली. पीठ गळायला लागलं. जोतीरामनं बारामतीहून पितळी परात आणली, चकचकीत आणि जरा आगाऊच. गोजरनं मला टाकलं नाही. माझ्यात मिरच्या वाळत ठेवल्या आणि येता-जाता हात फिरवत राहिली.

त्याच साली चंपाषष्ठीच्या तोंडावर ते घडलं. तुम्हाला ठाऊकच असेल, खंडोबाची माणसं चातुर्मास वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग सुटी. त्यामुळं त्या दिवसांत वांग्याला सोन्याचा भाव, आणि चोरांनाही तेव्हाच वांगी आवडतात. वस्तीवरच्या राखणीच्या कुत्र्याला कुणीतरी विष घातलेली भाकरी टाकली. सकाळी वाफे रिकामे आणि कुत्रा बांधावर आडवा. रिकाम्या वाफ्यांकडं आबांनी वळूनही बघितलं नाही. कुत्र्याला खड्डा खणला, तो मात्र एकट्यानं, कुणाला हात लावू दिला नाही.

मग लोणी भापकरच्या एका धनगराकडून त्यांनी घोंगडीत गुंडाळून पिल्लू आणलं. शेपटी अशी वाकडी की विळाच. नाव ठेवलं विळ्या.

"ह्यो परक्याच्या हातचं खायचा न्हाय," आबा म्हणाले. "शिकवतोच त्येला."

शिकवायचं तर जेवणाचं भांडं एकच हवं, दुसऱ्या कशात तोंड घालायचंच नाही. आबांनी इकडं तिकडं बघितलं, माझ्यातल्या मिरच्या सुपात ओतल्या आणि मला उचललं. गोजरला विचारलंसुद्धा नाही.

"आयनं दिल्याली काठवट," ती रात्री जोतीरामला म्हणाली, "आन् कुत्र्याच्या पुढ्यात!"

"आबांना कोन बोलायचं?" जोतीराम म्हणाला. झालं, तिथंच संपलं. गोजर माझ्याकडं बघेनाशी झाली. मी अंगणात आणि ती तोंड फिरवून पाण्याला. मला फार लागलं हो ते. चीर गेली तेव्हासुद्धा इतकं लागलं नव्हतं.

पण कुत्र्याचं करावं तर आबांनीच. सकाळी अंगाला हात लावून गोचिडी काढायच्या, कानात फुंकर घालून बघायचं. खरूज दिसली की करंजाचं तेल चोळायचं. ऊन चढायच्या आत कॅनॉलच्या कडेनं त्याला पळवत न्यायचं, दमला की सावलीत बसवायचं, धाप थांबेस्तोवर पाणी नाही. गरम भाकरी घालायची नाही, ताकात कुस्करून निववून घालायची. वाफ्यात पाय टाकला की "आं!" एवढाच शब्द. मारणं नाही, शिवी नाही. चुकला तर आबाच गप्प बसायचे, आणि ते गप्प बसले की विळ्या जमिनीला नाक लावून सरपटत यायचा.

शेजारच्या मळ्यातला सर्जेराव टिंगल करायचा. "आबा, पाटी-पेन्सिल कवा आनताय त्येला?"

"तू शिकला असतास तर तुला बी आनली असती," आबा म्हणायचे.

खरी शिकवण पुढची. भाकरी माझ्यात घालून आबा बाजूला बसायचे. विळ्यानं बघायचं, लाळ गाळायची, पण तोंड लावायचं नाही. आबा "येळकोट!" म्हणाले की मगच खायचं. महिन्याभरात असा तयार झाला की मटण टाका नाहीतर पेढा टाका, येळकोट ऐकल्याशिवाय ढुंकून बघायचा नाही. आबांची छाती फुगली.

आता हसू नका, पण खंडोबाच्या मुलखात कुत्र्याला हाच शब्द शिकवायचा म्हणजे काय! पुढल्या सालची चंपाषष्ठी आली. घराघरांतून नैवेद्य निघाले, खंडोबाचा म्हणून कुत्र्याला घास काढलेले, आणि जो तो "येळकोट येळकोट जय मल्हार!" विळ्याला वाटलं, अख्खं गाव आपल्याला जेवायला बोलावतंय. बिचारा हुकमाचा ताबेदार. या दारचं भरीत, त्या दारचे रोडगे, कुणाला म्हणून नाही म्हणाला नाही. संध्याकाळी पोट टम्म फुगवून अंगणात पाय वर करून पडला. सर्जेराव हसून हसून बांधावर बसला. "आबा, चोरांनी आता देवाचं नाव घ्यायचं आन् वांगी न्यायची!"

आबा हसले नाहीत. त्यांना तो पहिला कुत्रा आठवला असणार.

दुसऱ्या दिवसापासून ते मला बगलेत मारून, भाकरी फडक्यात बांधून, विळ्याला घेऊन कॅनॉलवरच्या बाभळीखाली जाऊ लागले. जुना शब्द मोडला आणि नवी खूण शिकवली. जोतीरामनं विचारलं, "आबा, मला तरी सांगा."

"न्हाय. गेल्या बारीला समद्यांला ठावं हुतं, काय झालं बघितलंस न्हवं? ह्या बारीला म्या आन् विळ्या, बास."

ती खूण मला ठाऊक होती. कशी नसणार? ती माझ्याच अंगावर उमटायची.

अशी काही वर्षं गेली. वांगी जागच्या जागी राहिली. एका हिवाळ्यात मात्र आबांना हिवताप चढला आणि उतरलाच नाही. पडवीत बाजेवर पडलेले, शुद्ध येई-जाई. जीभ जड झाली होती. शेवटच्या दिवशी त्यांचा उजवा हात बाजेच्या लाकडावर हळूहळू आपटायला लागला. थांबायचा, परत आपटायचा.

"पानी मागत्यात," जोतीराम म्हणाला. गोजरनं चमच्यानं पाणी घातलं. बाजेखाली विळ्या कान टवकारून उठला आणि पायरीशी माझ्याकडं येऊन बघून गेला. मी रिकामी होते. तो परत बाजेखाली गेला. मला ओरडावंसं वाटलं, अगं, पाणी नव्हे गं, आबा तुम्हाला खूण सांगतायत! पण लाकडाला कुठलं तोंड?

आबा गेले आणि विळ्यानं अन्न सोडलं.

जोतीरामनं काय नाही केलं! येळकोट म्हणाला, जय मल्हार म्हणाला, शीळ घातली, चुटक्या वाजवल्या, आबांचं मुंडासं डोक्याला गुंडाळून पुढ्यात बसला. ताक-भाकरी घातली, दूध घातलं, सर्जेराव कोऱ्हाळ्याहून मटण घेऊन आला. विळ्या माझ्याकडं बघायचा, लाळ गाळायचा, आणि मान पंज्यांवर टाकून वाट बघायचा. भूक नव्हती असं नव्हतं. हुकूम नव्हता. रोज त्याचं अन्न माझ्यात आंबायचं आणि मुंग्या यायच्या.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. जमीन सांभाळतो म्हणून सांगितलं, नाही. बांध मोडणार नाही म्हणून सांगितलं, नाही. शेवटी जोतीराम रडतच म्हणाला, "आबा, विळ्याला उपाशी मरू द्यायचा न्हाय म्या!" आणि कावळा शिवला. घरी येऊन त्यानं विळ्याकडं बघितलं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. गोठ्यात गव्हाणीखाली पडलेला, उठायचीसुद्धा ताकद नाही.

"आबांला जबान दिली गं," जोतीराम गोजरला म्हणाला. "आन् ह्यो तर आज-उद्याचा सोबती. आता कुनाला इचारू?"

तेरावं झालं. त्या सैंपाकाला शेजारी गेलेली गोजरची परात अजून परत आली नव्हती. चूल तर पेटलेली. गोजर बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली. कितीतरी वर्षांनी तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"माहेरचीच हाईस की तू," ती म्हणाली. "कुत्र्यानं चाटली म्हून काय परकी झालीस?"

राखेनं घासलं मला, चिंचेनं घासलं, कढत पाण्यानं विसळलं. चिरेत ओल्या पिठाची गोळी दाबून बसवली. आणि चुलीपुढं बसून माझ्यात पीठ मळलं. काय सांगू तुम्हाला! माहेराला गेल्यासारखं झालं मला. हात तोच, थोडा राठ झालेला. काकणं तीच.

तिनं भाकरी थापायला घेतली. कडेकडेनं, सावकाश. फिरवली. पीठ भुरभुरताना हात थांबला. मग भराभर. शेवटी तळहाताची एक सपाट थाप.

गोठ्यात काहीतरी धडपडलं. गोजरनं मान वर केली तर दारात विळ्या. पाय लटपटतायत, एकदा पडला, परत उठला. चुलीपुढं आला, माझ्या कडेला हनुवटी टेकवली आणि कच्च्या पिठाला जीभ लावली.

जोतीराम धावत आला. "अगं, काय केलंस? काय म्हनालीस त्येला?"

"कायबी न्हाय. भाकर थापत हुते."

आणि मग तिचा हात जागीच थांबला. तिनं भाकरीकडं बघितलं, विळ्याकडं बघितलं, पडवीतल्या रिकाम्या बाजेकडं बघितलं. हळूच तळहात लाकडावर आपटला, थांबली, परत आपटला. विळ्याचे कान उभे राहिले.

"पानी मागत न्हवते वो आबा," ती जोतीरामला म्हणाली. "माझी भाकर थापत हुते."

पदर तोंडात कोंबून जी रडली, जी रडली. "एका शब्दानं कवा चांगली म्हनाला न्हाईत, आबा! आन् माझी थाप तेवढी पाठ केलीत व्हय? माझ्या हाताचा थांबा सुदिक?"

व्हय गं बाई. रोज बाभळीखाली मला पालथी घालून पाठ करायचे. चुकलं की स्वतःशीच म्हणायचे, "न्हाय, गोजर अशी न्हाय थापत," आणि पुन्हा पहिल्यापासून. शेजारी विळ्या लाळ गाळत बसलेला. तुझ्या पितळेवरची थाप त्याला परकी, त्याला लाकडाचाच आवाज ठाऊक. मी हे कुणाला सांगणार होते?

त्या दिवशी पहिली भाकरी तिनं ताकात कुस्करून, निववून विळ्याला घातली. आबा घालायचे तशीच.

पुढं गोजरच त्याला कॅनॉलच्या कडेनं पळवायला न्यायची. सून माणूस कुत्र्यामागं धावते म्हणून बाया हसल्या, मग हसायच्या थांबल्या. विळ्या म्हातारा होऊन त्याच बाभळीखाली गेला. जोतीरामही गेला. आता घरात नातसून आहे, स्टीलची परात आहे. गोजरबाईचे हात कापतात, तिला भाकरी थापवत नाही. तरी दिवेलागणीच्या आधी कधीतरी ती काठी टेकत गोठ्यात येते, माझ्याजवळ बसते आणि माझ्या पाठीवर थापटते. आधी सावकाश, मग जरा थांबून, मग तिच्यानं होईल तसं भराभर. कुणी येत नाही. तरी हात मांडीवर ठेवून ती बराच वेळ कॅनॉलकडं बघत बसते.

नातसून काल विचारत होती, ही ढलपी चुलीत घालू का म्हणून. घाल गं बाई, माझी तक्रार नाही. जळण्यातच लाकडाचं जाणं. फक्त म्हातारी आहे तोवर थांब. आणि ती गेल्यावर मला उचलशील तेव्हा आधी एकदा पालथी घाल आणि तिच्यासारखं थापटून बघ. जाड झालीया म्हणणारं कुणीतरी बांधावर उभं असेल, आणि त्याच्या पायाशी एक वाकडी शेपटी हलत असेल.