छातीवरचं लाल नाव

मी बाप्तिस्म्याचा झगा बोलतोय. पांढरा, लेस लावलेला, वसईत शिवलेला. घरातल्या प्रत्येक बाळाला बाप्तिस्म्याला मलाच घालतात आणि मग त्याचं नाव माझ्या आतल्या घडीत पांढऱ्या दोऱ्याने भरतात. अशी नऊ नावं झाली. दहाव्यासाठी मी सूड घेतला.

घरातला कर्ता मार्टिन, त्याने मला मस्कतला आणलं. तिथल्या कुरुम भागातल्या फ्लॅटमध्ये तो दर शुक्रवारी धर्मवर्ग घेतो. मध्ययुगातले धर्मपंडित हा त्याचा आवडता विषय.

थोरली सून लविना सातव्या महिन्यातच बाळंत झाली. लेस्टर. इनक्युबेटरमध्ये ठेवलेला, मुठीएवढा.

"पप्पा, बाप्तिस्म्याला फादरना इथे हॉस्पिटलातच बोलवा," लविना सासऱ्याला म्हणाली.

"इथे कशाला? सगळं गाव वाट बघतंय. वसईलाच करू, थाटात."

अकराव्या दिवशी लेस्टर गेला. मी पेटीतच.

लविनाने नाव भरायला मला मागितलं. मार्टिनने पुस्तक उघडलं. "पहिल्या माणसाचं पाप घेऊनच आपण जन्मतो. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही. पंडितांनी लिहिलंय. नाव नाही भरता येणार."

त्याच पंडितांनी असंही लिहिलंय की शरीर म्हणजे आत्म्यावर चढवलेला झगा नव्हे. दोन्ही मिळून माणूस होतो. मी स्वतः झगा असून मला हे पटतं. मार्टिन ते वर्गात शिकवतो आणि घरी विसरतो. वडीलधाऱ्यांची ही खोड मी तीन पिढ्या बघतोय.

गेल्या महिन्यात मार्टिनच्या धाकट्या मुलाच्या बाळाचा, मेरिलचा बाप्तिस्मा ठरला. इस्त्रीसाठी मला लविनाकडे दिलं. तिने सुईत लाल दोरा ओवला. मी जराही आकसलो नाही.

चर्चमध्ये पेटी उघडली. छातीवर ठळक अक्षरांत: लेस्टर.

"हे काय? उसव आधी," मार्टिन लविनावर ओरडला.

"पप्पा, तुमच्याच पुस्तकात आहे, जीव जायची भीती असेल तर कोणीही पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं. तुम्ही त्या काचेपाशी उभे होता. माहीत नव्हतं?"



"माहीत होतं त्यांना," त्याची बायको फ्लॉरेन्स म्हणाली. "वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवतायत. चला, मेरिलला हाच घाला. यल्ला, लवकर, फादर खोळंबलेत."

सगळ्या फोटोंत मार्टिन त्या नावाशेजारी उभा आहे. मान खाली.

आता मी कपाटात असतो. परवा तो एकटाच आला. माझ्यावरून हात फिरवत पुटपुटला, "चुकलो रे."

मला काय सांगतोस, मार्टिन? लविना पलीकडे स्वयंपाकघरात आहे. तिच्याकडे जा. क्षमा करायला आत्मा लागतो, आणि तुझ्याच पुस्तकाप्रमाणे कापडाला तो नसतो.